तीस दिवस म्हणजे किती?

सकाळी ६:१०

चिंचवड. कुकरची दुसरी शिट्टी झाली. ओट्याच्या टोकाला, पाण्यापासून लांब, लॅपटॉप उघडा आहे. कॅलिफोर्नियात आत्ता आदल्या दिवसाच्या संध्याकाळचे ५:४० झालेत. तिकडची माणसं घरी निघताना जी कामं टाकून जातात, ती इथे कुकरबरोबर येतात. रात्रीत अकरा मेल. आठ न वाचता उडवायच्या. दोन नंतर बघू. एक आत्ताच वाचायची: शुक्रवारी रिलीज आहे आणि 'रिटेन्शन'चं, म्हणजे बॅकअप किती दिवस ठेवायचा याचं, पान अजून कच्चंच आहे. आज बुधवार.

ती टेक्निकल रायटर आहे. बॅकअपचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. ते बसवायचं कसं, चालवायचं कसं, अडलं तर काय करायचं, ही पानं ती लिहिते. इंग्रजीत. वाचणारे म्हणजे बँकांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले सिस्टिम ॲडमिन. हौसेने हे पान कोणी उघडत नाही. काहीतरी बिघडलेलं असतं, साहेब मागे उभा असतो, तेव्हा उघडतात.

नोकरीला चौदा वर्षं झाली. शिक्षण बी.एस्सी., केमिस्ट्री. कॉम्प्युटरची पदवी नाही.

साडेसहाला पोळ्यांच्या मावशी येतात. महिन्याचे अडीच हजार. त्या आल्या की लॅपटॉप मिटतो, कारण पोळपाटाला जागा लागते.

सकाळी ७:५०

ॲक्टिव्हा. शंभरात लिटरभरही पेट्रोल येत नाही, म्हणून ती दोनशेचं टाकते. तीन दिवस जातात, कधी चौथाही. कंपनीची बस आहे, पण तिचे महिन्याला बावीसशे, आणि संध्याकाळची सहाची चुकली की रिक्षाला अडीचशे वेगळे. हिशेब केला आणि बस सोडली.

डांगे चौक, भूमकर चौक, हायवेच्या खालून पलीकडे, मग हिंजवडी. बारा-तेरा किलोमीटर. भूमकर चौक वेळेत ओलांडला तर पाऊण तास. उशीर झाला तर किती, ते कोणी छातीठोक सांगत नाही.

सकाळी ८:४५

टेबलावर दोन स्क्रीन. डाव्या स्क्रीनवर पान, उजव्या स्क्रीनवर टर्मिनल. वर्ड कुठेच उघडलेलं नाही. पानं मार्कडाउनमध्ये आहेत, म्हणजे साध्या टेक्स्ट फायली. त्या गिटमध्ये राहतात, डेव्हलपरांचा कोड राहतो तिथेच. ती नोकरीला लागली तेव्हा फ्रेममेकर होतं. चारशे पानांची पीडीएफ निघायची आणि सहा महिने तशीच राहायची. आता पान वेबवर जातं. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी बदलावं लागतं.

पहिलं काम गिट पुल. रात्रीत कोणी काय बदललं ते खाली उतरतं. दुसरं काम जिरा. तिच्या नावावर सात तिकिटं. सगळ्यांत वरचं: बॅकअपमधून फाइल परत आणायची पद्धत. नऊ पायऱ्या. डेव्हलपरने लिहून दिलेल्या, दोन ठिकाणी आज्ञार्थी, एका ठिकाणी भूतकाळी.

सकाळी ९:२०

इंग्रजी सुधारायला पाच मिनिटं लागली असती. ती इंग्रजीला हात लावत नाही. आधी टेस्ट मशीनवर शिरते आणि पायऱ्या जशाच्या तशा चालवते.

पहिली चालली. दुसरी, तिसरी. चौथीला मशीन म्हणालं, परमिशन डिनाइड.

तिने फाइलची मालकी बघितली. मालक रूट, मशीनचा सर्वाधिकारी. परवानगी ६००. म्हणजे रूटशिवाय कोणाला ती वाचताही यायची नाही. डेव्हलपर आपल्या मशीनवर रूट म्हणूनच बसतो. त्याला हा दरवाजा बंद असल्याचं कधी दिसलंच नाही. गिऱ्हाइकाच्या बँकेत रूटचा पासवर्ड कोणी असा वाटत नाही.

पायऱ्यांच्या आधी एक ओळ आली: हे काम करायला कोणते अधिकार लागतात. चौथ्या पायरीत सुडो आलं, म्हणजे तेवढ्यापुरते रूटचे अधिकार. सातवीत कमांडचा एक पर्याय जुन्या आवृत्तीतला होता, तो काढला. मग पुन्हा पहिल्यापासून नऊच्या नऊ. या वेळी फाइल परत आली. तिने ती उघडून आतला मजकूरही बघितला, कारण रिकामी फाइलसुद्धा परत येते.

आता इंग्रजी. पाच मिनिटं.

सकाळी १०:४५

रिटेन्शनवाला डेव्हलपर जागेवर सापडला. हा तासाभराने मीटिंगमध्ये शिरतो आणि मग दिसत नाही. ती वही घेऊन त्याच्या शेजारी खुर्ची ओढते.

"तीस दिवसांनी बॅकअप डिलीट होतो. एवढंच लिही. सोपंय."

"तीस कधीपासून मोजायचे? बॅकअप सुरू झाल्यापासून की संपल्यापासून?"

"सुरू झाल्यापासून."

"आणि डिलीट कधी? तीस भरले त्या मिनिटाला?"

"नाही गं. रोज मध्यरात्री एक जॉब चालतो, तो साफ करतो."

"कुठली मध्यरात्र?"

तो जरा थांबला. "यूटीसी." जागतिक प्रमाणवेळ.

"म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच."

"हो. पण तीस दिवस ते तीस दिवस. त्यात घड्याळाचा काय संबंध?"

तिने वाद घातला नाही. वहीत दोन शब्द लिहिले: तास की तारीख?

सकाळी ११:३०

कोड लिही म्हटलं तर ती लिहिणार नाही. वाचते मात्र. रेपॉझिटरीत ग्रेप मारला. 'रिटेन्शन' एकेचाळीस ठिकाणी. त्यातल्या टेस्टच्या फायली गाळल्या, जुन्या कॉमेंटी गाळल्या. सात ठिकाणं राहिली. सातव्यात ती ओळ होती.

ओळ काय करते? बॅकअप सुरू झाल्याची वेळ घेते. तिच्यातले तास आणि मिनिटं छाटते. उरते नुसती तारीख, तीही यूटीसीतली. तारखेत ३० मिळवते. आजची तारीख तेवढी झाली, की डिलीट.

तिने वहीत एक उदाहरण मांडलं. पुण्यात २ सप्टेंबरला पहाटे ५ वाजता बॅकअप सुरू झाला. यूटीसीत त्या वेळी १ सप्टेंबर आहे, रात्रीचे ११:३०. म्हणजे धरली जाणार १ तारीख. त्यात तीस मिळवले, १ ऑक्टोबर. यूटीसीत १ ऑक्टोबर लागतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात, आणि त्याच वेळी साफसफाईचा जॉब चालतो.

२ सप्टेंबर पहाटे ५ ते १ ऑक्टोबर पहाटे ५:३०. एकोणतीस दिवस आणि अर्धा तास.

आणि पहाटे पाचला बॅकअप लावणारे थोडे नाहीत. ऑफिस उघडायच्या आत तो उरकायचा असतो.

दुपारी १:१०

कँटीनमध्ये थाळी नव्वदला आहे. ती डबा आणते. ताक घेते, वीस रुपये. समोर नवी मुलगी बसली आहे. एम.ए. इंग्लिश, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. रुजू होऊन दोनच महिने झालेत. वर्षाला साडेचार लाख. कापाकापी होऊन हातात तेहतीस हजारांच्या आसपास. वाकडला तिघींत फ्लॅट, वाट्याला साडेनऊ हजार. आधी 'मॅम' म्हणायची. तसं नको म्हटल्यावर 'ताई' म्हणते.

"ताई, मी जावा शिकू का पायथन? शनिवार-रविवारचा क्लास आहे. पंचेचाळीस हजार."

"टेस्ट मशीनवर लॉगिन करता येतं का तुला?"

"आयटीने अजून अकाउंट दिलं नाही."

"मग आज आधी ते मागून घे. फुकट आहे."

पुढे ती बोलते ते जेवता जेवता, तुकड्यातुकड्याने. कमांड चालवता आली पाहिजे. लॉग वाचता आला पाहिजे. एपीआयला कर्लने एक हाक मारायची आणि उत्तर काय येतं ते बघायचं: ४०१ आलं तर ओळख पटली नाही, ४०३ आलं तर ओळख पटली पण मुभा नाही, ४२९ आलं तर फार घाईने मागतोयस. या तिघांना पानावर नुसतं 'एरर आला' म्हणून चालत नाही, कारण तिघांवरचे उपाय वेगळे. क्लास नंतर लाव. कुठली भाषा वाचायला लागते ते कामातूनच कळेल.

"आणि समजलं नाही तर?"

"विचारायचं. पण स्वतः चालवून बघितल्यावर विचारायचं. मग ते नीट सांगतात."

तिचं स्वतःचं पॅकेज बावीस लाख आहे. तिच्याच वर्षी लागलेला, सकाळचा तो डेव्हलपर, पस्तीसच्या पुढे आहे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कँटीनमध्ये कोणी बोलत नाही.

दुपारी २:३०

वहीतलं गणित मशीनवर घालायचं. तीस दिवस थांबायला वेळ नाही. तिने पॉलिसी तीसऐवजी एक दिवसाची केली. मग मशीनचं घड्याळच पुढे सरकवायचं ठरवलं. आधी वेळ जुळवणारी सेवा बंद केली, नाहीतर मशीन नेटवरून खरी वेळ आणून घड्याळ पुन्हा जागेवर नेतं. मग घड्याळ लावलं: यूटीसी रात्रीचे ११:५०. छोटासा बॅकअप घेतला, चाळीस एमबीचा. यादीत तो दिसला. तिने स्क्रीनचा फोटो काढून ठेवला.

"चल, चहा पिऊन येऊ," ती नव्या मुलीला म्हणाली.

दुपारी २:४०

गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग बारा रुपये. आत मशीनचा चहा फुकट मिळतो, पण तो पीत कोणी नाही. टपरीवाल्याकडे क्यूआर कोड आहे आणि त्याच्याखाली सुट्टे पैसे द्या असंही लिहिलेलं आहे. दोन चहा, एक क्रीमरोल, चौतीस रुपये.

वर आल्या. मशीनवर तारीख पलटलेली होती. यादी काढली.

यादी रिकामी.

एक दिवस ठेवायचा बॅकअप दहा मिनिटं टिकला.

नवी मुलगी म्हणाली, "परत करून बघू?" दोघींनी पुन्हा केलं. या वेळी घड्याळ लावलं १२:१० ला, मध्यरात्र उलटल्यावर. घड्याळ तेवीस तास पुढे नेलं, बॅकअप होता. तारीख पलटू दिली, गेला. म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेच घेतला तर जवळजवळ पूर्ण दिवस मिळतो, आणि मध्यरात्रीच्या तोंडावर घेतला तर जवळजवळ एक दिवस बुडतो.

दुपारी ४:००

डेव्हलपरने दोन्ही फोटो बघितले. मग आपली ओळ बघितली. बराच वेळ.

"हे डिझाइनच असं आहे," तो आधी म्हणाला. मग म्हणाला, "बग आहे. पण कोड सोमवारीच गोठवलाय. शुक्रवारच्या रिलीजमध्ये हात लावता येणार नाही. पुढच्यात करतो."

"मग पानावर काय लिहू?"

"तीस दिवसच लिही ना. कोण एवढं मोजतंय? पानावर बग लिहिलेला बरा दिसत नाही."

ती हसली. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. ज्यांनी ती सिस्टिम घडवली त्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीच ते लिहिलं. त्यात कमांडच्या पानावर 'बग्ज' असा रकानाच असायचा. काय नीट चालत नाही ते तिथेच सांगून टाकायचे. तेव्हा बनवणारा आणि लिहिणारा एकच होता, त्यामुळे कोणाची परवानगी काढावी लागत नव्हती.

तिला काढावी लागते. तिने बगचं तिकीट टाकलं, फोटो जोडले, आणि रात्रीच्या कॉलच्या यादीत एक ओळ वाढवली.

दुपारी ४:४५

आता लिहायचं. कंपनीने सगळ्यांना एआय वापरायला सांगितलं आहे. तीही वापरते. कोष्टकं करायला, लांबलचक यादी लावायला ते चांगलं. डेव्हलपरची टिपणं तिने त्यात घातली. वीस सेकंदांत पान आलं. इंग्रजी सफाईदार, मथळे जागच्या जागी. मधोमध वाक्य: बॅकअप तीस दिवसांनी डिलीट होतो. टिपणात जे होतं तेच आलं. टिपणात जे नव्हतं ते तिच्या वहीत होतं.

तिने मथळे ठेवले, मधलं वाक्य काढलं आणि त्या जागी तीन घातली. दिवस यूटीसी तारखेने मोजले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष मुदत जवळजवळ एका दिवसाने कमी भरू शकते. पूर्ण तीस दिवस हवे असतील तर ३१ घाला.

खाली छोटं कोष्टक: पुणे, टोकियो, कॅलिफोर्निया. यूटीसीची मध्यरात्र तिथे किती वाजता पडते. पुणे पहाटे ५:३०. टोकियो सकाळी ९. कॅलिफोर्निया आदल्या दिवशी दुपारी ४, उन्हाळी वेळ चालू असेल तेव्हा ५.

वाक्यं तीनच, कारण हे पान जपानी, जर्मन आणि फ्रेंचमध्ये जातं. भाषांतराचे पैसे शब्दावर मोजतात. पूर्वी भाषांतर झालेलं वाक्य तसंच राहिलं तर त्याचे फार थोडे पडतात. एक स्वल्पविराम हलवला तरी ते बदललेलं वाक्य धरून पुन्हा तपासणीला जातं. म्हणून वरच्या परिच्छेदातलं एक ओबडधोबड वाक्य तिने तसंच सोडलं. चुकीचं नाही ना, मग राहू दे.

संध्याकाळी ५:४०

पुल रिक्वेस्ट टाकली. 'कृपया तपासा' असं ती लिहीत नाही. तसं लिहिलं की दोन मिनिटांत 'एलजीटीएम' येतं, म्हणजे वरवर बघून बरं दिसलं. ती तीन प्रश्न लिहिते, हो किंवा नाही एवढ्याच उत्तराचे. ३१ घातल्यावर तीस दिवस पक्के मिळतात का? ३१ घातल्याने जुन्या बॅकअपचीही मुदत वाढते का? डिस्कची जागा किती जास्त लागेल, याचं सूत्र बरोबर आहे का?

दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं. जुन्या बॅकअपना जुनीच मुदत लागू राहते. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चौथं वाक्य वाढलं.

बिल्ड पडलं. यामल फायलीत कोणीतरी स्पेसऐवजी टॅब दाबला होता. यामलला टॅब चालत नाही. बाराव्या ओळीवर सापडला. पुसला, बिल्ड उभं राहिलं.

संध्याकाळी ६:४०

उलटा रस्ता. भूमकर चौकात सव्वा तास कसा गेला ते विचारू नये. वाटेत मेथीची जुडी पंचवीसला, दोन घेतल्या तर चाळीस. मुलाच्या प्रोजेक्टला कार्डशीट, तीस रुपये. फ्लॅटचा हप्ता आज कापला गेल्याचा मेसेज सिग्नलला वाचला. एकतीस हजार चारशे.

रात्री ८:३०

कॉल. कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. कॅमेरा बंद, म्यूट चालू, मेथी निवडणं सुरू. तिची ओळ यादीत पाचवी. पाऊण तासाने नंबर लागला.

तिकडचा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला, ही ओळ रिलीज नोट्समध्ये टाका, तळाशी. मुख्य पानावर नको. तिथे ती दिसली की विक्रीवाले कुरकुर करतील.

तिने म्यूट काढलं. "मुदत घालणारा माणूस रिलीज नोट्स उघडत नाही. तो हे पान उघडतो."

तो म्हणाला, हे कागदावरचं गणित आहे, असं प्रत्यक्षात होतं का? तिने स्क्रीन शेअर केली. दोन फोटो. ११:५० ला यादीत एक बॅकअप, १२ नंतर शून्य. मशीनचं नाव, आवृत्ती, कमांड, सगळं खाली.

सपोर्टचा माणूस आत्तापर्यंत गप्प होता. तो म्हणाला, अशी एक तक्रार आमच्याकडे पडून आहे. गिऱ्हाइकाने दिवस चुकीचे मोजले असं समजून बंद केली होती. पुन्हा उघडतो.

पुढची चर्चा दोन मिनिटांत संपली. मुख्य पानावर राहू द्या. शब्द मात्र 'बग' नको, 'टीप' म्हणा. ती म्हणाली, चालेल. टीप म्हटली तरी ३१ तिथे दिसणारच होते.

रात्री ९:५०

मर्ज. चार मिनिटांत पान वेबवर. तिने ते फोनवर उघडून बघितलं, कारण सर्व्हर रूममध्ये उभा असलेला माणूसही फोनवरच बघतो. कोष्टक उजवीकडे कापलं जात होतं. एक रकाना अरुंद केला, पुन्हा चढवलं. आता बसलं.

पानावर लेखकाचं नाव नसतं. ते कोणाच्याच पानावर नसतं.

रात्री १०:१०

नव्या मुलीचा मेसेज आला. आयटीने संध्याकाळी सातला अकाउंट दिलं होतं. तिने घरून मशीनवर शिरून दुपारचा प्रयोग पुन्हा केला होता, आणि एक गोष्ट वेगळी केली होती. बॅकअपमधून मोठी फाइल परत आणायला सुरुवात केली आणि ती चालू असतानाच मध्यरात्र होऊ दिली.

"ताई, फाइल अर्धीच आली. मधूनच बॅकअप डिलीट झाला. आणि शेवटी यशस्वी झालं म्हणून लिहून आलं. हे बरोबर आहे का?"

तिने लॉग मागवला. वाचला. मग जिरा उघडलं, नवं तिकीट काढलं, गंभीरता सगळ्यांत वरची लावली आणि शुक्रवारच्या रिलीजला जोडलं. आता कोड गोठवलेला असो नाहीतर नसो, उद्या सकाळी डेव्हलपरला त्याला हात लावावाच लागेल. 'शोधणारा' या रकान्यात नव्या मुलीचं नाव घातलं आणि तिला लिहिलं: बरोबर नाही. उद्या १०:४५ ला त्याच्याकडे तू जा. वही ने.